विसाव्या प्रश्नाचा व्हिडिओ

१

चाळीस स्पर्धकांपैकी एकोणचाळीस जणांना जो व्हिडिओ दिसलाच नाही, त्या व्हिडिओवरच्या प्रश्नाचं उत्तर चाळिसाव्या बाईने बरोबर लिहिलं होतं. आणि त्याच एका गुणावर ती पहिली आली होती.

सोमवारी सकाळी पंचवटीतल्या प्रभातदीप वाचनालयाच्या मागच्या खोलीत चौघं बसले होते. मार्चचं ऊन खिडकीतून थेट टेबलावर येत होतं आणि पडदा धुवायला गेला होता. ताहेरा शेख मॅडमनी दुखरा गुडघा सरळ करायला खुर्ची जरा मागे घेतली. पस्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी वाचनालयाच्या ‘ओळखा आपला जिल्हा’ या ऑनलाइन प्रश्नमंजुषेचं संपादन स्वीकारलं, ते बसून करायचं काम आहे म्हणून. आता तिसरं वर्ष होतं आणि राजीनामा मनात दोनदा लिहून झाला होता.

अंतिम फेरी रविवारी झाली होती. दहा वाजता सुरू, दहा वाजून वीस मिनिटांनी बंद. आपापल्या घरून, फोनवर. वीस प्रश्न, हवे त्या क्रमाने सोडवायचे. शेवटच्या प्रश्नाला एका बाहेरच्या साइटवरच्या व्हिडिओची लिंक होती. तो पाहायचा आणि उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहायचं. पहिल्या आलेल्याच्या गावाला दोनशे पुस्तकांची पेटी मिळणार होती.

व्हिडिओ उघडत नाही म्हणून रविवारी फोनवर फोन आले. आणि निकाल लागला तेव्हा त्या प्रश्नाचा गुण हरसूलकडच्या एका अंगणवाडीसेविकेला मिळालेला, भागीबाई चौधरींना. दुसरा आला नाशिकचा संघर्ष पगारे. त्याची तक्रार दुपारी एकच्या आत आली. उत्तर फुटल्याशिवाय हे होऊच शकत नाही, असं त्याने लिहिलं होतं.

अध्यक्ष देवरामअण्णा महसूल खात्यातून निवृत्त झालेले. पत्र लिहिल्याशिवाय त्यांना प्रश्न सुटल्यासारखा वाटत नसे. त्यांनी भागीबाईंना फोन लावला होता. बाई म्हणाली, मी व्हिडिओ पाहिला. अण्णा म्हणाले, तो कोणालाच दिसला नाही. त्यावर तिने फोन ठेवून दिला. आता अण्णांच्या फाइलमध्ये दोन पत्रं तयार होती. एक तिला बाद केल्याचं, दुसरं तिच्या कार्यालयाला, वर्तणुकीची दखल घ्यावी म्हणून.

दुसऱ्या पत्रावर ताहेरा मॅडमनी हात ठेवला. बुधवारी संध्याकाळी समितीची बैठक होती, तोवर हे जाऊ नये, असं त्या म्हणाल्या.

“मग बुधवारपर्यंत तुम्ही शोधा,” अण्णा म्हणाले. “उत्तर तीन जणांना माहीत होतं. तुम्ही, अदिबा आणि ललित.”

अदिबा मोमीन प्रश्न काढायची. ती खाली मान घालून बसली होती. ललित आहेर वेबसाइट सांभाळायचा. तो मॅडमचा जुना विद्यार्थी, एकोणतीस वर्षांचा, त्यांचा फोन बिघडला की घरी येऊन दुरुस्त करणारा. तो हळूच म्हणाला की यात कोणाचाच दोष नसेल. साडेनऊला त्याने लिंक तपासली तेव्हा ती चालू होती. मालकाने व्हिडिओ झाकून ठेवला असणार, पुसलेला नाही, त्यामुळे आज ना उद्या तो परत दिसेल.

अण्णांनी मॅडमकडे पाहिलं. बाहेरच्या लिंक घालू नका, हे मॅडमनी दोन वर्षांत दोनदा लेखी दिलं होतं. दुसऱ्याच्या दारावर आपण पाहुणे पाठवतो आणि तो दार उघडेल की नाही हे आपल्याला ठाऊक नसतं, असं त्यांचं म्हणणं. तरुण मंडळींनी ते हसून उडवलं होतं. आपलं खरं ठरल्याचा आनंद होईल असं मॅडमना तेव्हा वाटलं होतं. आता नुसता शीण आला.

२

अदिबाला त्यांनी एकटीला गाठलं, वाचनालयाच्या पायऱ्यांवर. विचारण्याआधीच ती बोलायला लागली. भागीबाईंना ती ओळखत होती. हरसूलजवळच्या शाळेत ती दोन वर्षं शिकवायला होती आणि शेजारच्या खोलीत अंगणवाडी भरायची. स्पर्धेत भाग घ्या, असं तिनेच त्यांना फोन करून सांगितलं होतं. शेवटचा प्रश्न हाताने तपासायचा असतो, तोही तिनेच तपासला होता. म्हणजे ओळख तिची, प्रश्न तिचा, गुणही तिनेच दिलेला.

“मॅडम, मी उत्तर सांगितलं नाही,” ती म्हणाली. “पण माझ्या जागी दुसरी कोणी असती, तर मीसुद्धा तिच्यावर विश्वास ठेवला नसता.”

मॅडमना ती आवडायची. म्हणूनच त्यांना भीती वाटली. व्हिडिओ कुठे सापडला, असं त्यांनी विचारलं. अदिबाने मुळात फोटोवरचा प्रश्न काढला होता. मग ललितने ही लिंक पाठवली. बाजारात नागली मोजणारा एक म्हातारा, चार वर्षांपूर्वीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, फार छान होता. चॅनेलवर मालकाचं नाव नव्हतं, गावाचंही नव्हतं. पुस्तकं न वाचणाऱ्यालासुद्धा असा प्रश्न आपला वाटतो, असं म्हणून तिने तो घेतला.

संघर्ष पगारे मुंबई नाक्याजवळच्या अभ्यासिकेत भेटला. सहा वर्षं स्पर्धा परीक्षा देत होता. डोळ्यांखाली काळं, टेबलावर थंड झालेला चहा. तो चिडेल असं मॅडमना वाटलं होतं, पण त्याच्यात चिडायचंही त्राण नसावं. त्याने एवढंच सांगितलं की दर वेळी कुठेतरी पेपर फुटतो आणि दर वेळी आपण गप्प बसतो. या वेळी नाही बसलो, इतकंच. मग त्याने फोनमधला स्क्रीनशॉट दाखवला. तो वेगाने सोडवणारा, सात मिनिटांत शेवटच्या प्रश्नावर पोचला होता. त्याच्याआधी तिथे कोणी पोचलं असणं कठीणच. वर वेळ दहा वाजून सात मिनिटं. खाली काळ्या चौकटीत एकच वाक्य: ‘हा व्हिडिओ सध्या पाहता येत नाही.’

घरी आल्यावर मॅडमनी भागीबाईंचं मूळ उत्तर काढून वाचलं. आतापर्यंत सगळ्यांनी त्यावरचा गुणच पाहिला होता, उत्तर कोणी नीट वाचलंच नव्हतं.

प्रश्न होता: ‘या व्हिडिओतला म्हातारा धान्य मोजण्याआधी काय करतो?’ अदिबाने लिहून ठेवलेलं उत्तर होतं: ‘माप उपडं करून गिऱ्हाइकाला दाखवतो.’

भागीबाईंनी लिहिलं होतं: ‘माप उलटं करून तीनदा ठोकतो आन गिऱ्हाइकाला दाखवतो. मंग उजव्या हातानं भरतो. डाव्या हाताला दोन बोटं नाहीत.’

मॅडमनी लगेच अदिबाला फोन लावला. म्हाताऱ्याचा डावा हात व्हिडिओत दिसतो का? अदिबा म्हणाली, नाही. तिने तो दहा वेळा पाहिला होता. डावा हात शेवटपर्यंत पोत्याआड होता.

३

मंगळवारी सकाळी मॅडम हरसूलच्या एसटीत बसल्या. त्र्यंबकच्या पुढे रस्ता चढायला लागला तसा गुडघाही बोलायला लागला. त्या हिशेब मनात पुन्हा पुन्हा मांडत होत्या. फुटलेलं उत्तर लिहिणारा माणूस फुटलेलं तेवढंच लिहितो. या बाईने उत्तरात नसलेलं लिहिलं होतं, व्हिडिओतही नसलेलं लिहिलं होतं. म्हणजे ती त्या म्हाताऱ्याला ओळखत होती. पण प्रश्नात म्हाताऱ्याचं नाव नव्हतं, गाव नव्हतं. तो हाच म्हातारा, हे तिला व्हिडिओ पाहिल्याशिवाय कळणार कसं? आणि व्हिडिओ तर बंद होता.

अंगणवाडीत खिचडीचं जेवण उरकत होतं. भागीबाई पन्नाशीच्या, अंगाने काटक. नाशिकहून कोणी आलंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा मिटला. मुलं घरी जाईपर्यंत त्या आपलं काम करत राहिल्या. मॅडम भिंतीला टेकून, पाय लांब करून बसून राहिल्या. अखेर भागीबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

“मी चोरी नाय केली,” त्या म्हणाल्या.

“मला माहीत आहे,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही व्हिडिओ कधी पाहिलात, तेवढं सांगा.”

त्यांनी सांगितलं, ते फार साधं होतं. इथे रेंज फक्त अंगणवाडीच्या मागच्या ओट्यावर येते, तीही अधूनमधून. व्हिडिओ लावला की नुसतं गोल गोल फिरत राहतं. म्हणून व्हिडिओचा प्रश्न असला की त्या तोच आधी उघडतात, उतरू देतात आणि तोवर बाकीचे सोडवतात. रविवारी दहाला त्यांनी सगळ्यात आधी विसावा प्रश्न उघडला होता. नशिबाने रेंज चांगली होती. मिनिटभरात तो दिसला.

“आन मंग मला काय सुचंना,” भागीबाई म्हणाल्या. “तो माझा बाप व्हता.”

मंगळू चौधरी मागच्या वर्षी भाताच्या कापणीत वारले. घरात त्यांचा एकच फोटो होता, आधार कार्डावरचा, आणि त्यात ते ओळखू येत नसत. आणि इथे ते हलत होते, मान डोलावत होते, माप ठोकत होते. भागीबाईंनी तो तिथेच दोनदा पाहिला. मग त्याच्याखाली लिहिलं: ‘हा माझा बाप हाय. मंगळू. तो वारला. हा कोणी काढला?’ तिसऱ्यांदा लावायला गेल्या तर उघडेना. मग बाकीचे प्रश्न कसेबसे सोडवले आणि विसाव्याचं उत्तर सगळ्यात शेवटी लिहिलं. डोळे पुसून.

देवरामसाहेबांना हे का नाही सांगितलं, असं मॅडमनी विचारलं.

“ते खोटी म्हणाले. मेलेल्या बापाचं नाव घेऊन मी का कोणाला खरी वाटू?”

मग इतका वेळ आवरलेली गोष्ट त्यांनी विचारली. तो नंबर राहू द्या, पेटी राहू द्या. तो व्हिडिओ परत कुठं बघायला मिळंल का?

 परतीच्या एसटीत मॅडमना एक गोष्ट स्वच्छ दिसली होती. व्हिडिओ दहाला चालू होता. दहा वाजून सात मिनिटांनी बंद होता. मधे, त्याच्याखाली एका मुलीने आपल्या बापाचं नाव लिहिलं होतं. चार वर्षं पडून असलेला व्हिडिओ नेमका त्या मिनिटाला बंद करणारा माणूस रविवारी सकाळी फोन हातात घेऊन बसलेला होता.

आणि त्यांना ललितचं सोमवारचं वाक्य आठवलं. मालकाने झाकून ठेवला असणार, पुसलेला नाही.

हे त्याला कसं माहीत?

४

बुधवारी सकाळी अदिबा मॅडमच्या घरी आली, द्वारकाजवळ. आपल्याला कशाला बोलावलंय हे तिला ठाऊक नव्हतं. मॅडमनी तिला त्याच साइटवर आपला कुठलातरी व्हिडिओ चढवायला सांगितला. तिने आपल्या मांजराचा चढवला. मग तो झाकून ठेवायला सांगितला आणि मॅडमनी आपल्या फोनवर लिंक उघडली. ‘हा व्हिडिओ सध्या पाहता येत नाही.’ मग तो कायमचा पुसायला सांगितला आणि पुन्हा लिंक उघडली. वाक्य तेच, अक्षरशः तेच.

बाहेरून पाहणाऱ्याला झाकलेला आणि पुसलेला यातला फरक कळायला मार्गच नव्हता. तो कळणार फक्त मालकाला.

अदिबा हातातल्या फोनकडे पाहत राहिली. लिंक त्यानेच पाठवली होती, हे तिलाही आठवलं असावं.  मॅडमनी तिच्यासाठी चहा केला. आठवीत असताना नकाशात नद्या भरायला सांगितल्या की ललित नदीकाठची गावंसुद्धा भरायचा. न विचारता.

दुपारी त्यांनी त्याला बोलावलं. तो नेहमीसारखा फोन बघायला आल्यासारखा आला. मॅडमनी आढेवेढे घेतले नाहीत. संघर्षचा स्क्रीनशॉट त्याच्यापुढे ठेवला, अदिबाने केलेला प्रयोग सांगितला आणि म्हणाल्या, “सोमवारी तू म्हणालास, पुसलेला नाही. ते तुला कुठे दिसलं?”

ललितने स्क्रीनशॉट बराच वेळ पाहिला. त्याने नाकारलं असतं तर मॅडमना बरं वाटलं असतं की वाईट, हे त्यांना सांगता आलं नसतं. त्याने नाकारलं नाही.

“चार वर्षांत तो सत्तावन्न वेळा बघितला गेला, मॅडम,” तो म्हणाला. “त्यातल्या वीसेक वेळा मीच.”

कॉलेज सुटल्यावर दोन वर्षं तो कॅमेरा घेऊन जिल्हाभर हिंडला होता. घोटीचा भाताचा बाजार, देवळ्याचे कांद्याचे ट्रॅक्टर, हरसूलचा आठवडी बाजार. काहीतरी होईल असं वाटलं होतं. काहीच झालं नाही. मग वेबसाइटची कामं घ्यायला लागला आणि कॅमेरा कपाटात गेला. प्रश्नमंजुषेत बाहेरच्या लिंक चालतात म्हटल्यावर त्याने आपलीच एक पाठवली. मालक आपण आहोत हे सांगितलं असतं तर नियमात बसलं नसतं. त्याला दुसरं काही नको होतं. चाळीस माणसांनी एकदम पाहावा आणि एकाने तरी विचारावं, हा कोणी काढला.

“आणि एकीने विचारलं,” मॅडम म्हणाल्या.

त्याने मान हलवली. ते वाक्य आलं तेव्हा तो दचकला. बोट आपोआप गेलं, व्हिडिओ झाकला. नंतर वाटलं, एक प्रश्न बाद होईल, संपेल. पण त्या बाईंना गुण मिळाला. मग तक्रार आली, मग पत्रं.

“तीन दिवस तू गप्प होतास, ललित. ते दुसरं पत्र आज गेलं असतं तर तिची नोकरी गेली असती. आणि अदिबाकडे आम्ही सगळे चोर म्हणून बघत होतो.”

तो रडला नाही. संध्याकाळच्या बैठकीत मी स्वतः सांगतो, एवढंच म्हणाला.

५

त्याने सांगितलं, आणि काही लपवलं नाही.  देवरामअण्णांनी फाइलमधून दोन्ही पत्रं काढून खिशात घातली आणि हरसूलला फोन लावून उभ्यानेच माफी मागितली. संघर्षला मॅडमनी कळवलं. तो म्हणाला, मग ठीक आहे. थोड्या वेळाने त्याचा परत फोन आला. पेटीतली पुस्तकं निवडायला कोणी हवं असेल तर मी येतो, म्हणाला. अदिबा ललितशी बोलली नाही, आणि बोलावं असं तिला कोणी सांगितलंही नाही. वेबसाइटचं काम त्याने सोडलं.

मग अण्णांनी ठराव पुढे सरकवला. बाहेरच्या व्हिडिओंच्या लिंक यापुढे बंद. सही पहिली मॅडमची, कारण मागणी त्यांचीच. मॅडमनी ठराव वाचला आणि पेन खाली ठेवलं. लिंक नसती तर हे काहीच झालं नसतं, हे खरं होतं. लिंक नसती तर त्या बाईला आपला बाप पुन्हा चालता-बोलता दिसला नसता, हेही खरं होतं. त्या म्हणाल्या की व्हिडिओ असू द्यावेत, पण वाचनालयाच्या स्वतःच्या साइटवर. आणि त्यात जी माणसं दिसतात, त्यांना विचारल्याशिवाय एकही नाही. अण्णा म्हणाले, अशाने एका प्रश्नाला महिना लागेल.

“लागू दे,” मॅडम म्हणाल्या. तसा ठराव झाला.

शनिवारी त्या पुन्हा हरसूलला गेल्या, या वेळी ललितबरोबर.  एसटीत त्र्यंबक मागे पडल्यावर तो म्हणाला की मूळ चित्रण अकरा मिनिटांचं आहे, साइटवर त्याने दोनच मिनिटं टाकली होती. बाकीचं कापून आणावं की सगळंच दाखवावं, हे त्याला रात्रभर ठरवता आलं नव्हतं. सगळं आणलंय. मॅडमनी विचारलं नाही, त्यात काय आहे.

मुलं घरी गेली होती. अंगणवाडीच्या फरशीवर त्याने लॅपटॉप ठेवला. भागीबाई समोर मांडी घालून बसल्या. त्यांनी ललितकडे एकदा पाहिलं, राग न धरता, पण हसल्याही नाहीत.

मंगळूबाबा पडद्यावर आले. अंगात निळा सदरा, नवा असावा, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. माप ठोकलं, दाखवलं, नागली भरली. पाठमोरी गिऱ्हाइकं आली नि गेली. मग बाजार जरा ओसरला आणि म्हाताऱ्याने थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं.

“ह्ये मला दिसंल का रं? कवा दाखवशील?”

कॅमेऱ्यामागून एक तरुण आवाज आला, हसरा. ललितचा. “दाखवतो ना बाबा. पुढच्या बाजाराला घेऊन येतो.”

“मी हितंच बसतो,” म्हातारा म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी माप उचललं.

चित्रण तिथेच संपलं. ललित फरशीकडे बघत बसला होता.  

“त्यानंतर चार बाजार तो ह्योच सदरा घालून गेला,” भागीबाई म्हणाल्या. “आठवड्याला धुवायचा, वाळवायचा, पुन्हा तोच. मी म्हणायची, बाबा, दुसरा घाल की. नाय म्हणायचा. का, ते कंदी बोलला नाय.”

ललितने तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांना ऐकायचं नव्हतं असं नाही. त्यांची नजर काळ्या पडद्यावरून हलली नव्हती.

“परत लाव,” त्या म्हणाल्या.